त्या तासाभरातलं

सिरसाळा
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रियदर्शनी हिला केशरबाईचा आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नको. दुर्वा बरी हाय, राम ट्रक घेऊन हैदराबादला गेलाय, माझे गुडघे जसे होते तसे हायत. वाईट खबर काई न्हाई.

फोन हाय तर कागद कावून, असं तुला वाटंल. फोनवर तू रामशी बोलतीस, दुर्वाशी बोलतीस, आन् फोन माझ्या हातात आला की तुझं नेटवर्क जातं. बॉर्डरवरच्या नेटवर्कचा काय भरोसा म्हना. पन तिन्ही येळेला माझ्याच हातात गेलं. कागदाला नेटवर्क लागत न्हाई. माझी सातवी झालेली हाय, अक्षर लागंल तुला.

परळीच्या ठेशनावर मी जे बोलले त्ये चार मानसांत बोलायला नको होतं. "साडेतीन वर्साचं लेकरू टाकून जाती तिला आई कोन म्हनंल," असं मी म्हनले. तू डब्यात चढलीस, खिडकीशी बसलीस, पन माझ्याकडं बघितलं न्हाईस. गाडी हलली तरी न्हाई. माझं चुकलं. पन खोटं बोलले असंबी अजून वाटंना. बघ, माफी मागायला बसले आन् हे लिहून गेले. खोडत न्हाई. खाडाखोडीचं पत्र वाईट दिसतं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिशी अजिनाथ आले. तेच ते, फौजेतून हवालदार होऊन आलेले, मिशीवाले. त्येंच्याकडं एक वही हाय. सिरसाळ्यातल्या समद्या फौजींच्या घरांची नावं तिच्यात. नऊ घरं होती, आपलं धाव्वं. म्हनले, "केशरबाई, ह्या वहीत पोरं लई हायत, सून पैल्यांदाच आली." मग इचारलं, घरात अडचन काय? मी म्हनले काई न्हाई. त्येंनी पेन्शील कानाला लावली आन् वट्ट्यावर बसूनच राहिले. शेवटी मी म्हनले, मी शाळेत खिचडी शिजवायला जाते, नऊ ते दोन, तेवढ्या येळात लेकराला कुठं ठिवू?

त्येंनी वहीत लिहायच्या आतच शेजारच्या आमिनाबीनं भिंतीवरून हात लांब केले. "द्या इकडं," म्हनली. तिचे मालक पाशाभाई दुकानात, पोरगा यासीन पुन्याला, पोरगी रुबीना सासरी. घर मोकळंच हाय तिचं. तवापसून दुर्वा दोनपस्तोर तिच्याकडं असती.

हे तुला चाललं का न्हाई, कळव. न्हाई चाललं तर मी दुसरं काय करू, त्येबी कळव.

केशरबाई


सिरसाळा
२ मार्च

चि. सौ. प्रियदर्शनीला आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं न्हाई. दोन बारी पोस्टमनला आडवलं. तो म्हनतो, फौजीची पत्रं फिरत फिरत येतेत. असंल.

इथं समदे लई करतेत. गल्लीतली छबुबाई रोज सकाळी दुर्वापुरतं दूध ठिवून जाती, नको म्हनलं तरी. किराणावाला दुर्वाच्या हातात गोळी दिल्याबिगर सोडत न्हाई. बस ठेशनावर अनोळखी मानूस उठून मला जागा देतो, "फौजीची सासू" म्हनतो. आन् त्योच मानूस पुढं इचारतो, "कसं काय धाडलं हो सुनंला?" मला उमगंना झालंय की हे कौतुक हाय का कीव हाय. हसावं का रागवावं, तोंड कसं करावं, त्येच कळत न्हाई. मग मी पिशवीत काईतरी हुडकत बसते.

अजिनाथांनी महिन्याच्या पैल्या ऐतवारी फौजींच्या घरच्यांना मारुतीच्या पारावर बोलवायचं ठरवलंय. कागदपत्रं, दवाखान्याचं कार्ड, पोरांच्या शाळेचं काय असंल त्ये बोलायचं. राम गेलता. तिथं समद्या बायका, हा एकटाच गडी. एक म्हातारी त्याला म्हनली, "तुझे मालक कुठं असतेत बाबा?" मग जीभ चावली. राम कोपऱ्यात बसला तो बसला. घरी येऊन जेवला न्हाई. म्हनलं, लाज वाटली का रे? तर म्हनला, "लाज न्हाई गं माय, मला बोलायला कोनच नव्हतं." आता अजिनाथ त्याला वही धरायला लावतेत, मंजी त्येला बसायला कारन मिळतं.

राम म्हनत होता, तू पुढच्या बदलीत क्वार्टरचं बोलतीस. क्वार्टर मिळाली की दुर्वाला नेनार म्हनं. मिळू दे. पन लेकरू इथं रुळलंय, एवढंच म्हनते. उपटून लावलेलं रोप दर येळी धरतंच असं न्हाई.

दुर्वा लई नवे शब्द शिकलीय. त्यातला एक तुला सांगायचा का नको, ह्याचा इचार मी आठ दिस करतीय. आज नको. बाकी आमिनाबी लेकराला फार जपती. त्यात तिचा काई दोष न्हाई.

केशरबाई


सिरसाळा
९ मे

प्रियदर्शनी,

तीन दिस झाले तुझा फोन बंद हाय. टीव्हीवर गोळे पडताना दाखवतेत, कुठले कवाचे कळत न्हाई. राम ट्रक सोडून आलाय. अजिनाथांनी येऊन टीव्हीची वायर काढली आन् खिशात घालून नेली. म्हनले, "फोन बंद मंजी मानूस कामावर. एवढंच समजायचं. याच्या पुढचं कुनी सांगितलं तर ऐकायचं न्हाई."

मी ऐकत न्हाई. पन कानात पडतं त्याला काय करू?

दुर्वा इचारती मम्मी कावून बोलत न्हाई. मी म्हनले मम्मी कामात हाय. आमिनाबी म्हनली मम्मी झोपली. राम म्हनला मम्मीचा फोन बिघडलाय. एका लेकराला तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. ती तिघांकडं बघत बसली.

हे पत्र पोस्टात टाकावं का न्हाई? तुझ्या हातात पडंल का? पडलं तर वाचायला तू

ह्याच्या फुडं लिहायला होईना. टाकते.

केशरबाई


सिरसाळा
१३ मे

चि. सौ. प्रियदर्शनी,

परवा सांच्याला तुझा आवाज ऐकला. रामच्या हातातल्या फोनाशी मी कान नेलता. तू "हॅलो" म्हनलीस आन् मी भाईर निघून गेले. नेटवर्क ह्या बारी माझंच गेलं.

धा तारखेला इथं काय झालं त्ये राम तुला सांगनार न्हाई, म्हनून मी सांगते. हसशील.

राधाकिशन पुढारी, ज्येला कुठल्याबी कामाचं फ्लेक्स लावल्याबिगर जेवन जात न्हाई, त्येच्या मनात आलं की गावाच्या लेकीचा मान करावा. चांगलाच इचार केला त्येनं. बस ठेशनाजवळ भलं मोठं फ्लेक्स लावलं. तुझा वर्दीतला फोटू, वर "वीरकन्येस मानाचा मुजरा". पन छापनाऱ्या पोरानं गडबडीत आधीच्या कुनाच्या तरी दुखवट्याच्या फ्लेक्सवरच तुझा फोटू बसवला. दोन्ही बाजूला समया, खाली फुलं. अक्षरं वाचतो कोन? एसटीतून दिंद्रुडच्या मानसानं बघितलं, त्येनं दिंद्रुडला सांगितलं, तिथून परत इथं खबर आली. आपल्याच गावची खबर दिंद्रुडावरनं.

मी गिरनीत गेलते, राम तुझी खबर काढायला परळीला गेलता. जवारी दळून डबा डोक्यावर घेऊन आले तर दारात चपलाच चपला. आत बाया बसलेल्या, डोक्यावर पदर. मधी पिठल्याची कढई झाकून ठिवलेली, फडक्यात भाकरी. छबुबाई उठली, माझ्या डोक्यावरचा डबा उतरवून घेतला. मयताच्या घरी चूल पेटवत न्हाईत, शेजारी भाकरी आनतेत. मी जनमभर दुसऱ्यांच्या घरी अशाच भाकरी नेल्या. माझ्या घरात त्या बघून मला कळलं न्हाई की ह्या कुनाच्या हायत.

आमिनाबी दुर्वाला मांडीत घेऊन कोपऱ्यात बसलेली. तिच्याकडं बघितलं तर तिनं मान खाली घातली. मग मी बसले. जागा दिली तिथं बसले. कुनालाच इचारलं न्हाई. इचारलं असतं तर कुनीतरी सांगितलं असतं ना.

तासभर गेला असंल. त्या तासात मी काय इचार केला त्ये सोड.

मग अजिनाथ आले, दारातनंच वरडत, "कुनी सांगितलं? कुनी? नाव सांगा!" कुनाकडंच नाव न्हाई. हिनं तिच्याकडनं ऐकलेलं, तिनं हिच्याकडनं. त्येंनी तुमच्या बटालियनच्या ऑफिसात फोन लावला. लागंना. धा बारी लावला, अकराव्याला लागला. फोन मोठ्या आवाजावर ठिवला. तिकडचा मानूस हिंदीत म्हनला, सब ठीक है, ड्यूटी पर है, घरवालों को बोलिए खाना खाएँ.

मग एकदम समद्या रडायला लागल्या. आधी रडल्या नव्हत्या. आमिनाबी तर अशी हुंदके द्यायला लागली की दुर्वा तिचं तोंड पुसत होती. छबुबाई म्हनली, "आता ह्या भाकरीचं काय करायचं गं?" कुनाला कळंना. अपशकुनाच्या भाकरी खाव्या का नको. अजिनाथांनी बूट काढले, खाली मांडी घातली, म्हनले, "वाढा मला. भाकरीला काय माहिती ती कशासाठी थापली." मग समद्याच जेवल्या. मी चूल पेटवून वरनं चहा केला.

राधाकिशन फ्लेक्स काढायला स्वतः गेला. येऊन माझ्या पाया पडला. मी त्येला काय म्हनू? त्येनं मान द्यायलाच लावलतं.

तू जप.

केशरबाई


सिरसाळा
४ ऑगस्ट

चि. सौ. प्रियदर्शनीला आशीर्वाद.

तू बावीस दिस राहून गेलीस. बोलायला येळ होता, तरी मी बोलले न्हाई. आता लिहिते. हे पत्र एकटी असताना वाच.

आधी सोपं सांगते. दुर्वा आमिनाबीला आई म्हनती हे मला फेब्रुवारीपसून ठावं होतं. आमिनाबी दर येळेला तिला थांबवायची, "खाला म्हन बेटा, खाला." खाला मंजी मावशी. दुर्वानं दोन्ही जोडून टाकलं, खालाआई. मी तुला लिहिलं न्हाई. ज्या तोंडानं ठेशनावर तुला आई म्हनू नये म्हनलते, त्याच तोंडानं हे कसं सांगायचं?

तू दारात आलीस तवा दुर्वा आमिनाबीच्या पदराआड गेली आन् म्हनली, "खालाआई, ही फोनातली मम्मी हाय का?" तू हसलीस. मग नळावर जाऊन तोंड धुतलंस. लई येळ धुतलंस. मी टॉवेल घेऊन मागं उभी होते, पन फुडं यायचं धाडस झालं न्हाई.

मला वाटलं आता तू भांडशील. आमिनाबीलाबी तसंच वाटलं, दोन दिस तिनं दाराची कडी काढली न्हाई. तिसऱ्या दिशी तूच तिच्याकडं गेलीस. मी भिंतीला कान लावला, खरं सांगते. बोलनं ऐकू आलं न्हाई. मग हसायचा आवाज आला, दोघींचा. मला काईच उमगंना. त्या दिसापसून तुमी दोघी मिळून तिला आंघोळ घालायच्या. आठव्या का नवव्या दिशी ती तुझ्या पोटाशी झोपली. मी दारातनं बघितलं.

आता अवघड.

जाताना ठेशनावर तू माझ्या पाया पडलीस. म्हनलीस, "आत्या, तुमी होता म्हनून मी तिथं ताठ उभी राहिले." म्हनलीस, ऑक्टोबरात जालंधरला क्वार्टर मिळतीय, दुर्वाला नेते, तुमीबी चला, तिथं मला ड्यूटीच्या येळेला घरचं मानूस पाहिजे. लोकं बघत होती. त्येच ठेशन. मला वाटलं, धरनी फाटावी.

मे महिन्यात बाया भाकरी घेऊन बसल्या होत्या, तवा तासभर मला खरंच वाटलं की तू गेलीस. आन् मला रडू आलं न्हाई. पैला इचार जो आला त्यो असा, की आता दुर्वाला कुनी नेनार न्हाई.

असाच आला. सरळ. त्येच्या मागनं बाकीचं आलं, तुझं तोंड, तुझा आवाज, रामचं काय होईल, समदं आलं. पन त्ये मागनं आलं. मी जीभ चावली, पन जिभेचा काय गुन्हा, ती बोललीच नव्हती.

मी तुझं वाईट चिंतत होते का? मी रोज इचारते स्वतःला. न्हाई म्हनायला जाते तर त्यो इचार समोर उभा राहतो. हो म्हनावं तर तुझा आवाज ऐकून मी भाईर जाऊन रडले त्ये कशानं? एकाच बाईच्या पोटात दोन्ही कसं राहतं? कुनाला इचारावं? आमिनाबीला सांगायला गेलते, तिच्या वट्ट्यावर बसले, कांदे निवडून दिले आन् परत आले.

तू पाया पडलीस ती ह्या बाईच्या. तुला ठावं असाया पाहिजे. आता मला बोलवायचं का न्हाई, तू ठरव. दुर्वाला खुशाल ने. ती तुझी हाय, हे मी पैल्यांदा लिहून देते.

केशरबाई


सिरसाळा
१२ ऑक्टोबर

चि. सौ. प्रियदर्शनी,

दोन महिने तुझं उत्तर आलं न्हाई. मी पोस्टमनला आडवायचं सोडून दिलं. तो दिसला की मीच आत जायचे.

परवा रामनं नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसची तिकिटं काढली. तीन. मी इचारलं तिसरं कुनाचं? तो म्हनला, "तुझं न्हाई तर कुनाचं? तिनंच सांगितलं." मला वाटलं पत्र पोचलंच न्हाई. मोकळं वाटलं आन् लगेच जीव बसला. मंजी समदं परत सांगावं लागनार.

शाळेत मी सांगितलं. माझ्या जागी छबुबाईची सून खिचडी करनार. तवापसून घरात बायांची रीघ हाय, पाऊल ठिवायला जागा न्हाई. कुनी लोनचं, कुनी चटनी, कुनी दुर्वाला कानटोपी. अजिनाथांनी वहीतलं आपलं नाव खोडलं न्हाई. म्हनले, घर हितंच हाय, मानसं फिरतीवर.

आमिनाबीचं मातर मी चुकले. मी एवढे दिस माझंच धरून बसलते, माझं पाप, माझी भीती. काल तिच्याकडं दुर्वाची कापडं आनायला गेले. तिनं समदी धुवून, घडी करून ठिवलेली. मी म्हनले, "आमिनाबी, वाईट वाटून घेऊ नको." ती भडकलीच. म्हनली, "तुमाला काय भाभी, तुमी तर संगट चाललाव! मी काय करू सकाळी नऊला?"

कापडं उचलायची सोडून मी खाली बसले. नऊ महिने तिनं लेकरू सांभाळलं आन् तिला कुनी इचारलं न्हाई की तुझं काय. पाशाभाई म्हनतेत थंडी सरली की घेऊन येतो तिला पंधरा दिस. तू तिला स्वतः बोलव. माझ्या तोंडून नको, तुझ्याच.

दुर्वाला आमी ह्या बारी एकच गोष्ट सांगितली, तिघांनी बसून. मम्मीकडं चाललोय, खालाआई इथं राहनार. ती रडली. थांबवली न्हाई.

मग काल सांच्याला तुझा फोन आला. रामनं माझ्याकडं दिला आन् नेटवर्क गेलं न्हाई. मी इचारलं, "माझं ऑगस्टातलं पत्र मिळालं का?"

तू म्हनलीस, "मिळालं."

"वाचलं?"

"वाचलं." मागं कुठंतरी शिट्टी वाजत होती. मग म्हनलीस, "आत्या, इकडं थंडी लई हाय. तुमाला सोसायची न्हाई. दोन स्वेटर घ्या."

ही माफी हाय का न्हाई, मला कळंना. राती आमिनाबीला अखेर समदं सांगितलं आन् इचारलं. ती म्हनली, "मला नका विचारू भाभी, मला बी काई समजत न्हाई." तुला फोनवर इचारायची हिंमत न्हाई, म्हनून पुन्हा कागद. हे तुला आमच्या आधी पोचंल का मागनं, त्येबी ठावं न्हाई.

सकाळी बाजारात जाऊन स्वेटर घेतले, दोन, जाड. जालंधरला उतरले की आधी तुझ्याकडं बघनार हाय, सरळ डोळ्यात. मग ठिव, न्हाईतर रामसंगट परत धाड. मी येते.

केशरबाई